मुरमांचे डाग आणि व्हिटॅमिन सी सीरम: समोरच्या तीन बाटल्यांपैकी कोणती घ्यावी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वय २८, राहणे डोंबिवलीला, नोकरी मुंबईत. त्वचा तेलकट आणि गव्हाळ. हनुवटी व गालांवर अधूनमधून मुरूम येतात आणि ते बसल्यावरही त्यांचे तपकिरी डाग महिनोन्‌महिने राहतात. तुमच्यासमोर तीन सीरम आहेत. पहिल्यात २० टक्के एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड असून सोबत व्हिटॅमिन ई आणि फेरुलिक ॲसिड (वनस्पतींत आढळणारे एक अँटिऑक्सिडंट) आहे. दुसऱ्यात १० टक्के इथिल ॲस्कॉर्बिक ॲसिड आहे. तिसऱ्याच्या बाटलीवर संत्र्याचे चित्र आणि मोठ्या अक्षरांत ‘व्हिटॅमिन सी’ असे लिहिले आहे, पण प्रमाण कुठेच दिलेले नाही. पहिल्या प्रकारचे सीरम तुमच्या मैत्रिणीने वापरले, ते चेहऱ्याला चुणचुणत असे आणि दोन महिन्यांत त्याचा रंग विटकरी झाला; तरीही जास्त टक्के म्हणजे जास्त गुण असे समजून तेच घ्यावे का, असे तुम्ही विचारले आहे.

उत्तर आधी सांगतो आणि कारणे मग देतो. तुम्ही दिलेल्या माहितीवरून मी दुसरी बाटली निवडेन, तीही लहान आकाराची, आणि ती सकाळी सनस्क्रीनच्या आधी लावायला सांगेन. मात्र तिच्यावर पैसे खर्च करण्याआधी चांगले सनस्क्रीन आणि नवे मुरूम थांबवणारे औषध या दोन गोष्टींची सोय करा, कारण तुमच्या परिस्थितीत व्हिटॅमिन सीचा क्रमांक तिसरा लागतो. हे सारे मी तुमचा चेहरा न पाहता लिहितो आहे. डाग नेमके कोणत्या जातीचे आहेत, सध्या कोणती क्रीम चालू आहेत, गर्भारपण आहे किंवा त्याचा विचार आहे का, यांवर हे उत्तर बदलू शकते, आणि जिथे ते बदलेल तिथे तसे सांगत जाईन.

सर्वप्रथम डागांविषयी, कारण दुकानात हा प्रश्न कोणीच विचारत नाही. मुरूम बसल्यावर मागे राहणाऱ्या खुणा चार प्रकारच्या असतात आणि त्यांतील एकाच प्रकारावर व्हिटॅमिन सीचा बऱ्यापैकी उपयोग होतो. तपकिरी, कडा पुसट असलेले आणि उन्हात गेल्यावर गडद होणारे डाग हे त्वचेच्या वरच्या थरात साठलेल्या रंगद्रव्याचे असतात. ते या उपचाराला प्रतिसाद देतात. राखाडी किंवा निळसर छटेचे डाग खोलवर असतात, तिथे कोणत्याही सीरमची मात्रा फारशी चालत नाही आणि ते आपापल्या गतीने, कधी वर्षभराने, फिकट होतात. लालसर डाग रंगद्रव्याचे नसतातच; काचेचा पारदर्शक पेला त्यावर हलका दाबून पाहिल्यास ते पुसट होतात, कारण तो रंग विस्फारलेल्या रक्तवाहिन्यांचा असतो. आणि खड्डे असतील तर बाटलीतील कोणत्याही द्रवाने ते भरून येत नाहीत. त्यासाठी दवाखान्यातील वेगळे उपचार लागतात. तुम्ही ‘तपकिरी’ असे स्पष्ट लिहिले आहे म्हणूनच पुढचे विवेचन करण्यात अर्थ आहे.

आता पहिल्या बाटलीकडे वळू. एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड हे व्हिटॅमिन सीचे मूळ रूप. आपल्या शरीराला हे जीवनसत्त्व तयार करता येत नाही, ते बाहेरूनच मिळवावे लागते. त्वचेत ते तीन कामे करते: कोलॅजन या त्वचेला बळकटी देणाऱ्या प्रथिनाचे धागे घट्ट विणण्यासाठी लागणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) मदत करते, अतिनील किरणांमुळे तयार होणारे उपद्रवी मुक्त मूलक (फ्री रॅडिकल्स) निष्प्रभ करते, आणि रंगद्रव्य बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकराच्या कामात अडथळा आणते. तुम्हाला हवे आहे ते मुख्यतः तिसरे काम.

अडचण अशी की त्वचेचा सर्वांत वरचा थर तेलकट आणि अभेद्य असतो आणि हा रेणू पाण्यात विरघळणारा व विद्युतभारित असतो. हा भार जाऊन रेणू उदासीन व्हावा यासाठी द्रावण बरेच आम्लधर्मी असावे लागते. पीएच हे आम्लतेचे माप, आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त. या आम्लाचा गुणधर्मच असा आहे की पीएच ३.५ असताना पाचांपैकी साधारण चार रेणू विनाभाराचे असतात, तर पीएच ५.५ म्हणजे त्वचेला सुखकर वाटणाऱ्या पातळीवर विसांत एखादाच. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ शेल्डन पिनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली डुकरांच्या त्वचेवर केलेल्या प्रयोगांत हेच दिसले: पीएच ३.५च्या खाली असेल तरच हे आम्ल आत शिरते, प्रमाण वाढवत गेल्यास २० टक्क्यांपर्यंत शोषण वाढते, आणि त्यापुढे वाढवूनही काही लाभ होत नाही. त्वचा एकदा पुरेशी भरली की तेथील साठा अर्ध्यावर यायला सुमारे चार दिवस लागतात, हेही त्याच प्रयोगांतून कळले. ही शेवटची बाब फार उपयोगाची आहे, कारण तिचा अर्थ असा की एखादा दिवस चुकला म्हणून काही बिघडत नाही, आणि ज्यांना रोज सोसत नाही त्यांनी एक दिवसाआड लावले तरी चालते.

तुमच्या मैत्रिणीला होणारी चुणचुण इथूनच येते. इतके आम्लधर्मी आणि इतके तीव्र द्रावण चेहऱ्यावर लावल्यावर काही क्षण टोचल्यासारखे वाटणे हा त्या सूत्राचा दोष नाही, ती त्याच्या कार्याची अटच आहे. युरोपीय गोऱ्या त्वचेला याची किंमत थोडा वेळ लाल होऊन चुकवावी लागते आणि ती लाली निघून जाते. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेचे मात्र निराळे आहे. आपल्याकडे कोणताही दाह, मग तो मुरमाचा असो, डासाच्या चाव्याचा असो वा जहाल सीरमचा, मागे तपकिरी डाग ठेवून जातो. डाग घालवण्यासाठी आणलेल्या द्रवानेच नवे डाग पाडलेले चेहरे दवाखान्यात नियमित येतात. म्हणून परदेशी सौंदर्यतज्ज्ञांचे ‘थोडी आग होऊ द्या, सवय होईल’ हे सांगणे मी माझ्या रुग्णांसाठी जसेच्या तसे स्वीकारत नाही. किंचित चुणचुण मिनिटभरात थांबत असेल तर ठीक; ती टिकत असेल, त्वचा तांबूस राहत असेल किंवा दुसऱ्या दिवशी सोलल्यासारखी होत असेल, तर ते सीरम तुमचे नाही.

व्हिटॅमिन ई आणि फेरुलिक ॲसिडची जोड ही केवळ जाहिरातीसाठी नाही. पिनेल यांच्याच गटाने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या कामानुसार १५ टक्के व्हिटॅमिन सी आणि १ टक्का व्हिटॅमिन ई यांच्या मिश्रणाने त्वचेला उन्हापासून सुमारे चौपट संरक्षण मिळत होते, ते अर्धा टक्का फेरुलिक ॲसिड मिसळल्यावर आठपट झाले आणि द्रावणही अधिक टिकाऊ झाले. बाजारातील बहुतेक महागडी सीरम याच प्रमाणांची नक्कल करतात. म्हणजे पहिल्या बाटलीमागचे शास्त्र तिन्हींत सर्वांत भक्कम आहे, हे मान्य करायलाच हवे. ज्यांची त्वचा कोरडी वा सामान्य आहे, मुरूम नाहीत, वय चाळिशीच्या आसपास आहे आणि प्रश्न बारीक सुरकुत्या व उन्हाच्या काळवंडीचा आहे, त्यांना मी तेच सुचवतो, मात्र २० टक्क्यांपासून सुरुवात न करता १० किंवा १५ टक्क्यांपासून.

परंतु प्रयोगशाळेतील ताजे द्रावण आणि डोंबिवलीच्या घरातील अर्धी बाटली यांत मोठे अंतर असते. कापून ठेवलेले सफरचंद जसे हवेने काळे पडते तसेच हे आम्ल हवा, उजेड आणि उष्णतेने बिघडते. आधी त्याचे डीहायड्रोॲस्कॉर्बिक ॲसिड होते, मग पुन्हा मागे न फिरणारी विघटनाची साखळी सुरू होते आणि रंग पांढरट पिवळ्यावरून केशरी, पुढे विटकरी होत जातो. या साखळीत तयार होणाऱ्या पदार्थांपैकी एरिथ्रुलोज हा तर त्वचेला तांबूस रंग चढवतो. बिघडलेले सीरम लावणाऱ्यांची बोटे आणि उशीचे अभ्रे पिवळट का होतात याचे उत्तर त्यात आहे. फिकट पिवळा रंग चालतो, काही सूत्रांचा तो मुळातच असतो. पण चहासारखा रंग आला की बाटली टाकून द्यावी. मैत्रिणीची बाटली विटकरी झाल्यावरही तिने वापरली असेल, तर ती डागांवर औषध लावत नव्हती, फक्त आम्लधर्मी पाणी लावत होती.

इथे एक साधा हिशेब करून पाहा. चेहऱ्याला चार-पाच थेंब पुरतात, म्हणजे साधारण पाव मिलिलिटर. ३० मिलिलिटरची बाटली रोज वापरूनही चार महिने जाते. उघडल्यानंतर एल-ॲस्कॉर्बिक ॲसिडचे पाण्यातील द्रावण इतके दिवस चांगले राहील असे मी धरून चालत नाही; मी रुग्णांना दोन ते तीन महिन्यांची मुदत सांगतो, आणि पावसाळ्यातील दमट कोकणपट्टीत किंवा मे महिन्यातील नागपुरात त्याहूनही कमी. शिवाय ही बाटली तुमच्याकडे येण्याआधी गोदामात आणि कुरिअरच्या तापलेल्या टेम्पोत किती दिवस होती हे आपल्याला कळत नाही. म्हणून मोठी बाटली स्वस्त पडते हा हिशेब इथे लागू होत नाही. ज्यांना हेच रूप घ्यायचे आहे त्यांनी १० किंवा १५ मिलिलिटरची बाटली पाहावी, गडद काचेची किंवा हवा आत न शिरणाऱ्या पंपाची, उत्पादनाची तारीख अलीकडची असलेली. ती फ्रिजमध्ये ठेवावी, न्हाणीघरातील फळीवर ठेवू नये, आणि ड्रॉपर उघडा धरून आरशासमोर वेळ काढू नये.

दुसऱ्या बाटलीतील इथिल ॲस्कॉर्बिक ॲसिडचा जन्म याच अडचणीतून झाला आहे. मूळ रेणूला एक छोटा गट जोडून त्याची हवेशी चटकन होणारी अभिक्रिया रोखलेली असते, त्यामुळे ते पीएच ४ ते ६च्या सौम्य द्रावणात टिकते, पारदर्शक राहते आणि चुणचुण क्वचितच होते. त्वचेत गेल्यावर त्याने व्हिटॅमिन सीसारखे काम करावे अशी अपेक्षा असते. मी ‘अपेक्षा’ हा शब्द जाणीवपूर्वक वापरतो आहे, कारण मूळ आम्लावर जितके स्वतंत्र संशोधन झाले आहे तितके यावर झालेले नाही आणि जे झाले आहे त्यात उत्पादकांचा सहभाग बराच आहे. तरीही मी तुम्हाला हेच का सुचवतो? कारण उपयोगी ठरणारे सीरम ते, जे तुम्ही दाह न होता तीन महिने सलग लावू शकाल आणि जे तिसऱ्या महिन्यातही पहिल्या दिवसासारखे असेल. मुरूम असलेल्या, गव्हाळ, लोकलच्या गर्दीत घामेजणाऱ्या चेहऱ्याला कागदावर सरस असणाऱ्या सूत्रापेक्षा सोसणारे सूत्र अधिक लाभते, असा माझा अनुभव आहे. याची ॲलर्जी झाल्याच्या तुरळक नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, त्यामुळे सौम्य म्हणून चाचणी टाळू नये.

याच कुळातील आणखी काही नावे तुम्हाला लेबलवर दिसतील. सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट हे मुरमांच्या रुग्णांसाठी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच्या ५ टक्के लोशनचा मुरमांवर उपयोग झाल्याचे १२ आठवड्यांच्या एका अभ्यासात दिसले होते. हा घटक योग्य प्रमाणात मिळाला तर दुसऱ्या बाटलीऐवजी तोही चालेल. मॅग्नेशियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट सौम्य आणि कोरड्या त्वचेला मानवणारे. डाग उजळण्याबाबत त्याची बाजू बरी असली, तरी पिनेल यांच्या प्रयोगांत त्याने त्वचेतील व्हिटॅमिन सीची पातळी वाढलेली दिसली नव्हती. ॲस्कॉर्बिल ग्लुकोसाइड फार टिकाऊ पण मंद. टेट्राहेक्सिलडेसिल ॲस्कॉर्बेट हे तेलात विरघळणारे रूप, बहुधा तेलकट माध्यमात येते, त्यामुळे तुमच्यासारख्या त्वचेला जड वाटण्याची शक्यता अधिक. या सर्वांच्या टक्केवारीची एकमेकांशी किंवा मूळ आम्लाशी तुलना करता येत नाही, कारण रेणूंचे वजन निराळे, शोषण निराळे आणि त्वचेत रूपांतर होण्याचे प्रमाणही निराळे. २० विरुद्ध १० हा तुमच्या प्रश्नातील सामना मुळात एका मैदानावरचा नाहीच.

तिसऱ्या बाटलीविषयी फार लिहायचे कारण नाही. बाटलीच्या पुढच्या बाजूला काय छापावे हा विक्रेत्याचा प्रांत, मागची बाजू कायद्याच्या कक्षेत येते. आपल्याकडील २०२०च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या प्रमाणाने लिहावे लागतात आणि एक टक्का वा त्याहून कमी असलेले त्यानंतर कोणत्याही क्रमाने. म्हणून घटकसूची वाचताना व्हिटॅमिन सीचे जे काही रूप आहे ते कोणाच्या पुढे वा मागे आहे ते पाहा. फेनॉक्सिइथेनॉल हे टिकवणारे द्रव्य सहसा एक टक्क्यापर्यंतच असते. त्याच्याही मागे व्हिटॅमिन सी असेल तर ते नावापुरते असण्याची शक्यता दाट आहे. ‘संत्र्याचा अर्क’ किंवा ‘काकडू प्लम’ या ऑस्ट्रेलियन फळाचा अर्क म्हणजे व्हिटॅमिन सी नव्हे. सुगंध, विशेषतः लिंबूवर्गीय तेले, सूचीत असतील तर मुरमांच्या त्वचेने ती बाटली तशीच परत ठेवावी. तिसरी बाटली मी वगळतो ती स्वस्त म्हणून नाही; प्रमाण न सांगणाऱ्याशी तुलना करता येत नाही म्हणून.

आता तुमच्या चेहऱ्याकडे येऊ. जोपर्यंत नवे मुरूम येत आहेत तोपर्यंत नवे डाग पडत राहणार, आणि कोणतेही सीरम जुने डाग पुसत असताना मुरूम नवे काढत असेल तर हाती काही लागत नाही. सनस्क्रीन सोडून एकाच बाटलीपुरते पैसे आहेत असे एखाद्या रुग्णाने सांगितले, तर तुमच्या स्थितीत मी व्हिटॅमिन सी लिहून देत नाही, ॲझेलेइक ॲसिड देतो. ते मुरूम आणि डाग या दोहोंवर काम करते आणि गर्भारपणातही चालते. दुसरा पर्याय रात्री लावायच्या ॲडापलीन या मुरमांवरील औषधाचा, परंतु तो डॉक्टरांना विचारूनच आणि गर्भारपणाचा विचार असेल तर टाळून. मासिक पाळी अनियमित असेल, हनुवटी आणि जबड्याच्या रेषेवरच मुरूम येत असतील किंवा चेहऱ्यावर लव वाढली असेल, तर तपासणी संप्रेरकांची व्हायला हवी. तिथे बाटल्यांची चर्चा अपुरी आहे.

सनस्क्रीनविषयी ‘मी तर सकाळी साडेसातची लोकल पकडते, ऊन कुठे लागते’ असे मला अनेक जणी सांगतात. खिडकीच्या काचेतून अतिनील ‘बी’ किरण अडतात, पण ‘ए’ किरण बऱ्याच प्रमाणात आत येतात. शिवाय गव्हाळ त्वचेत डाग गडद करण्याचे काम डोळ्यांना दिसणारा प्रकाशही करतो, ज्याला साधे सनस्क्रीन फारसे रोखत नाही. म्हणून डागांसाठी लोहाचे ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाची छटा असलेले सनस्क्रीन अधिक चांगले, एसपीएफ ३० किंवा ५०चे, चेहरा व मानेसाठी दोन बोटांच्या लांबीइतके, आणि दुपारी बाहेर पडण्याआधी पुन्हा एकदा. तेलकट त्वचेसाठी जेल स्वरूपातील मिळते. व्हिटॅमिन सी हे सनस्क्रीनच्या जागी चालत नाही. ते त्याच्या खाली राहून, किरण निसटून आत गेल्यावर होणारे नुकसान कमी करते. सकाळी लावायचे ते याच कारणासाठी.

लावण्याची रीत सोपी आहे. आधी चार-पाच दिवस कानामागे किंवा जबड्याखाली थोडे लावून पाहा. काही झाले नाही तर सकाळी सौम्य फेसवॉशने चेहरा धुऊन, पूर्ण कोरडा करून चार-पाच थेंब पसरवा, पाचेक मिनिटे थांबा, गरज असल्यास हलके मॉइश्चरायझर आणि त्यावर सनस्क्रीन. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड. मुरमांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड चालू असेल तर ते रात्री लावा, कारण ते ऑक्सिडीकरण करणारे द्रव्य असल्याने एकाच वेळी लावल्यास व्हिटॅमिन सी वाया जाते. नियासिनामाइडसोबत (व्हिटॅमिन बी३चे एक रूप) लावू नये हा समज मात्र जुन्या, आजच्या सीरमना लागू न होणाऱ्या प्रयोगांवर उभा आहे. दोन्ही एकत्र चालतात. एकाच आठवड्यात दोन नव्या बाटल्या सुरू करू नका; पुरळ आले तर दोष कोणाचा हे कळायला मार्ग राहत नाही.

घरगुती पर्यायांचा तुम्ही उल्लेख केलेला नाही, पण हे वाचणाऱ्या कोणीतरी नक्कीच विचारेल, म्हणून लिहून ठेवतो. लिंबाच्या रसात १०० ग्रॅममागे साधारण ५० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी असते, म्हणजे ०.०५ टक्के, १० टक्क्यांच्या सीरममध्ये त्याच्या दोनशेपट. उलट आम्लता इतकी असते की त्वचा भाजावी, आणि लिंबाच्या सालीतील फ्युरोकुमारिन ही द्रव्ये उन्हाशी संयोग पावून अशी पुरळ उठवतात की तिचे काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. बेसनात लिंबू पिळून लावायचा आजीचा लेप चेहऱ्यासाठी बाजूला ठेवलेला बरा. चघळायच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या कुटून गुलाबपाण्यात मिसळण्याचाही एक प्रघात आहे. त्या गोळ्यांत बराच भाग सोडियम ॲस्कॉर्बेटचा, म्हणजे ॲस्कॉर्बिक ॲसिडच्या क्षाराचा, शिवाय साखर आणि रंग असतात, त्यामुळे आवश्यक आम्लता नसते आणि चेहरा चिकट होण्यापलीकडे काही घडत नाही. गोळ्या खाऊन तरी डाग जातात का? शरीराची रोजची गरज एखाद्या पेरूने सहज भागते, आणि रक्तातील पातळी एका मर्यादेनंतर वाढत नाही, जादाचे लघवीवाटे जाते. आवळा, पेरू खावेत ते आरोग्यासाठी. गालावरच्या डागांपर्यंत त्यातून पोहोचणारा वाटा अगदी थोडा.

आणखी एक इशारा, जो या बाटल्यांपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. औषधाच्या दुकानात डागांची तक्रार सांगितल्यावर पुष्कळदा हायड्रोक्विनोन (डाग फिकट करणारे औषध), ट्रेटिनॉइन (व्हिटॅमिन ए-वर्गीय औषध) आणि स्टेरॉइड एकत्र असलेली ट्यूब चिठ्ठीविना हातात पडते. आठ दिवसांत चेहरा उजळतो, म्हणून ती मैत्रिणी-मैत्रिणींत पसरते, आणि काही महिन्यांनी त्वचा पातळ होऊन लाल रेषा, लव, मुरूम व उन्हात जळजळ सुरू होते. ट्यूब बंद केली की चेहरा भडकतो, म्हणून ती सुटत नाही. आयएडीव्हीएल ही त्वचारोगतज्ज्ञांची देशपातळीवरील संघटना या गैरवापराविरुद्ध अनेक वर्षे जनजागृती करत आहे. तुम्ही सध्या अशी एखादी ट्यूब लावत असाल तर कोणतेही सीरम सुरू करू नका आणि ती ट्यूबही एकाएकी बंद करू नका; आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

शेवटी, काय अपेक्षा ठेवावी. वांगावर २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६ स्त्रियांच्या चेहऱ्याच्या एका बाजूला ५ टक्के ॲस्कॉर्बिक ॲसिड आणि दुसऱ्या बाजूला ४ टक्के हायड्रोक्विनोन १६ आठवडे लावले होते. चांगला वा उत्तम परिणाम हायड्रोक्विनोनच्या बाजूला ९३ टक्के जणींना आणि व्हिटॅमिन सीच्या बाजूला ६२.५ टक्के जणींना दिसला. पण त्रास झाला तो अनुक्रमे ६८.७ आणि ६.२ टक्के जणींना. अभ्यास लहान आहे आणि तो मुरमांच्या डागांवरचा नाही, तरी त्यातून या घटकाचा स्वभाव कळतो: मंद, मर्यादित आणि सोसवणारा. ५ टक्क्यांवरही काम होते, हेही २० टक्क्यांच्या मोहात असलेल्यांनी पाहावे.

म्हणून १२ आठवड्यांच्या आत निकाल लावू नका. आज एक छायाचित्र काढा, एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी, फिल्टरशिवाय, आणि दर चार आठवड्यांनी तसेच काढत जा. रोजच्या आरशाला हे बदल दिसत नाहीत. १२ आठवड्यांनी डाग फिकट झाले असतील आणि नवे मुरूम कमी असतील तर तीच बाटली पुन्हा घ्या. मुरूम थांबले पण डाग तसेच राहिले, तर थंडीच्या दिवसांत १० टक्के एल-ॲस्कॉर्बिक ॲसिडची छोटी बाटली करून पाहायला हरकत नाही, कारण तेव्हा दाह नसलेली त्वचा ते सोसेल आणि बाटलीही अधिक टिकेल. आणि दोन्हींपैकी काहीच घडले नाही, किंवा डाग गालाच्या हाडांवर दोन्हीकडे सारखे पसरत चालले, तर ते मुरमांचे डाग नसून वांग असण्याची शक्यता आहे. तेव्हा तिसरे सीरम विकत न घेता तेच पैसे तपासणीच्या फीसाठी ठेवा.